फोटोचं देणं



आमच्या घरात माझ्या दादीचा एकही फोटो नाही. ती कशी दिसायची हे मला आठवतं, माझ्या मुलांना मात्र सांगावं लागतं. भिंतीवर तसबीर लावली तर त्या खोलीत नमाज कसा पढायचा, असं तिचं म्हणणं असे. शिवाय फोटो काढायचा तर तालुक्याला जावं लागे आणि त्याला पैसे पडत. माझ्या अम्माचा फोटो आहे, पण तो मतदार ओळखपत्रावरचा. १९९३ साली शेषनसाहेबांच्या काळात फोटोची ओळखपत्रं सुरू झाली. त्यानंतर कधीतरी शाळेच्या व्हरांड्यात रांगेनं उभं करून तो काढलेला. त्यात अम्मा अशी दिसते, की जणू तिच्या हातून काही गुन्हा घडला आहे. ती गेल्यावर मी तो फोटो मोठा करून घेतला, तर चेहरा गेला आणि नुसते ठिपके उरले.

अनोळखी माणसांचे फोटो काढायचा नाद मला का लागला, याचं मूळ बहुधा इथंच असावं.

बी.ए. झाल्यावर नोकरी लागेपर्यंत मी एका फोटो स्टुडिओत दोन वर्षं कामाला होतो. श्रीगोंदा तालुक्याचा मी माणूस. शेख महंमदांची भूमी म्हणून आम्ही तिचा अभिमान बाळगतो, पण भोवताली सगळा ऊस आणि साखर कारखाने. स्टुडिओत मागं तळं आणि हंस रंगवलेला पडदा होता. खुंटीला मालकांचा एक कोट टांगलेला असे, कुणालाही तो यायचा. आरशाखाली कंगवा आणि पावडरचा डबा. उसाचा हंगाम संपला, कारखान्याचा पट्टा पडला, की गावाकडं निघालेली तोडणीची जोडपी फोटो काढायला येत. नवरा कोट चढवी, बायको पदर डोक्यावर घेऊन खुर्चीत बसे. किती हसायचं, हात कुठं ठेवायचा, पोराला मांडीवर घ्यायचं की मध्ये उभं करायचं, हे सगळं ती ठरवत. मी फक्त दिवा सरकवायचा. पैसे त्यांचे, फोटो त्यांचा. नाव पावतीवर लिहिलेलं असायचं, आणि चार दिवसांनी ते नाव पुकारूनच पाकीट हातात द्यायचं.

पुढं मोबाईल आला, त्यात कॅमेरा आला, आणि हा सगळा व्यवहार उलटा झाला. आता फोटो मी काढतो, माझ्या खिशात ठेवतो. ज्याचा आहे त्याला पत्ताही नसतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीचा महिना होता. आमच्या गावाच्या शिवारात ऊसतोड चालू होती. दिवस कलला होता. फडाच्या कडेला ट्रक उभा, त्याला लाकडी फळी लावलेली, आणि एक बाई डोक्यावर उसाची मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढत होती. तीस-पस्तीस किलोची मोळी, आणि पायाखाली वीतभर रुंदीची फळी. मावळतीची उन्हं तिच्या तोंडावर होती. मी रस्त्यावरूनच फोटो काढला आणि पुढं गेलो.

रात्री तो फोटो पाहता पाहता मी कविता लिहिली. तिच्या आवळलेल्या ओठांत मला युगायुगांचं मुकेपण दिसलं, बारीक झालेल्या डोळ्यांत आटलेले अश्रू दिसले. आठ दिवसांनी एका कविसंमेलनात ती कविता वाचली. टाळ्या मिळाल्या. एका ज्येष्ठ कवींनी पाठ थोपटली. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी त्याच फडाजवळून जात होतो. कोप्यांच्या बाजूनं हाक आली, "चाचा, त्या दिवशी तुम्हीच फोटो काढला ना आमचा? बघू की."

मी मोबाईल दिला. तिनं हात पदराला पुसले, फोटो पाहिला आणि म्हणाली, "डोक्याचं फडकं नीट नव्हतं."

मी विचारलं, "ताई, फार त्रास होत होता का त्या वेळी? चेहरा असा झालाय म्हणून विचारतो."

ती हसली. "उन्हं डोळ्यात येत होती. अन् मी मोजत होते. टोळीची वही माझ्याकडं असते ना. किती खेपा गेल्या, वजनाची पावती कितीची आली, कुणाची किती उचल फिटली, सगळं मीच लिहिते. दहावी झालीय माझी. मधेच कुणी बोललं की हिशोब चुकतो, म्हणून तोंड मिटून असते."

श्रोते हो, जिला मी मुकी म्हणालो होतो, ती त्या टोळीची लिहिणारी होती. मी जसा वहीत लिहितो, तशीच तीही लिहीत होती. माझ्यापेक्षा तिचं लिहिणं जोखमीचं, कारण तिची चूक झाली असती तर कुणाच्या तरी घामाचे पैसे बुडाले असते.

मग ती बरंच बोलली. पाथर्डी तालुक्यातलं गाव. दोन मुलं सासू-सासऱ्यांजवळ ठेवलेली, कारण फडावर आणली की शाळा बुडते. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेऊन निघायचं आणि चैतापर्यंत ती फेडत राहायचं. गुडघ्याचं दुखणं. वाढे विकून येणाऱ्या पैशातून मुलीसाठी घ्यायची सायकल. तिच्या कष्टाबद्दल मी लिहिलं ते खोटं होतं असं नाही. कष्ट होतेच, आणि कवितेत आले त्याहून जास्त होते. पण ते सगळे माझ्या शब्दांत होते. तिला विचारलेलं त्यात एक अक्षर नव्हतं.

निघताना ती म्हणाली, "हा कागदावर नाही का निघत? पोरांना दाखवला असता." मी म्हणालो, "चार दिवसांत आणून देतो."

चार दिवसांचे बारा झाले. नगरला जाणं झालं नाही, मग लग्नसराई आली. अखेर फोटो घेऊन गेलो तर रान मोकळं होतं. पाचट पेटवून दिलेलं, चुलीचे तीन दगड तेवढे राहिलेले. टोळी दुसरीकडं गेली होती.

पुढं वाचनात आलं, की अगदी असंच साता समुद्रापार घडलेलं आहे. १९३६ च्या मार्चमध्ये, अमेरिकेत मंदीचे दिवस असताना, डोरोथिया लँग नावाच्या छायाचित्रकार बाई सरकारी कामासाठी कॅलिफोर्नियात फिरत होत्या. निपोमो इथं वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर त्यांनी एका आईचे आणि तिच्या मुलांचे फोटो काढले. त्यातला एक पुढं जगभर गेला. 'स्थलांतरित आई' म्हणून तो ओळखला जातो. हनुवटीला हात लावलेली आई आणि तिच्या खांद्यांवर तोंड लपवलेली दोन लेकरं. तिथले फोटो वर्तमानपत्रात आल्यावर त्या तळावर सरकारी धान्य पोहोचलं. पण तोवर ते कुटुंब पोटामागं पुढच्या गावी निघून गेलं होतं.

त्या बाईचं नाव लँगबाईंनी विचारलंच नव्हतं. जगाला ते कळलं १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन. म्हाताऱ्या झालेल्या थॉम्प्सनबाईंची तक्रार होती, की फोटोची प्रत पाठवीन म्हणून सांगितलं आणि कधी पाठवली नाही. आपल्या चेहऱ्यानं एवढं नाव कमावलं, आपल्याला त्यातून काही मिळालं नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली. १९८३ मध्ये त्या आजारी पडल्या, मुलांनी मदतीचं आवाहन केलं, तेव्हा कुठं लोकांची पत्रं आणि पैसे आले. त्याच वर्षी त्या वारल्या. तो फोटो थोर आहे, त्यानं माणसांचे डोळे उघडले, यात शंका नाही. पण प्रत राहिली ती राहिलीच. हे वाचलं त्या रात्री मी कपाटातलं ते पाकीट काढून बाहेर टेबलावर ठेवलं.

फोटो म्हणजे सगळ्यांना आनंदच असतो, असंही नाही. रंगपंचमीला मढीला कानिफनाथांची यात्रा भरते. गाढवांचा बाजार भरतो, भटक्या जमातींची माणसं दुरून येतात. तिथं एका पारधी म्हाताऱ्याच्या मिशा पाहून मी मोबाईल वर केला. त्यानं तळहात आडवा धरला. "नको बाबा. आमचा फोटो ठाण्यात लागतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. १८७१ च्या इंग्रजी कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. त्यांची नोंद ठेवायची, हजेरी घ्यायची. १९५२ साली तो कायदा गेला, संशय मागं राहिला. ज्याच्या पिढ्यांची सरकारदरबारी अशी नोंद झाली, त्यानं कॅमेऱ्याला भ्यायचं नाही तर कशाला भ्यायचं? मी मोबाईल खिशात घातला. आम्ही चहा प्यालो. त्यानं मला गाढवाचे दात पाहून वय कसं ओळखायचं ते शिकवलं. त्याच्या मिशा मला आजही फोटोशिवाय आठवतात.

हे काम नीट करणारी माणसं आपल्याकडं आहेत. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे फोटो काढले ते वर्षानुवर्षं त्यांच्यात जाऊन. संदेश भंडारे यांनी तमाशा कलावंत टिपले ते रंगमंचावरचे तसेच राहुटीतलेही. पी. साईनाथ यांनी २०१४ च्या डिसेंबरात 'पारी' हा ग्रामीण भारताचा संग्रह इंटरनेटवर सुरू केला. त्यात देशाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतल्या साध्या माणसांचे चेहरे गोळा केलेले आहेत. बाई, बाप्या आणि मूल. चेहऱ्याबरोबर त्यांचा कामधंदा आणि गाव. एवढ्या दोन ओळी जोडल्या, की नुसतं 'ग्रामीण सौंदर्य' म्हणून त्या चेहऱ्याकडं पाहता येत नाही.

आता माझ्या त्या देण्याचं सांगतो. पुढच्या हंगामात पाथर्डीकडची दुसरी एक टोळी आली. त्यांच्यातल्या एका गृहस्थांना पाकीट दाखवलं. ते म्हणाले, "ही आमच्या शेजारच्या गावची. द्या, पोचवतो." पाकिटावर मी माझा नंबर लिहिला. दोन महिने काहीच नाही. मग एका संध्याकाळी फोन वाजला.

"चाचा, फोटो पावला. पोरांनी भिंतीला लावलाय." मला हायसं वाटलं. मी कवितेचंही सांगून टाकलं, काय लिहिलं होतं तेसुद्धा. ती क्षणभर थांबली. म्हणाली, "लिहा की. पण एक सांगू का? ह्या फोटोत आमचे मालक नाहीत. ते खाली मोळी उचलून देत होते. कोयता काय एकट्याचा असतो का?"

शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो, ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोच्या जोडीलाच एक कोयता म्हणतात. उचल त्या जोडीला मिळते, हिशोबही जोडीचाच होतो. आयुष्यभर उसाच्या पट्ट्यात राहिलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे माहीत नव्हतं थोडंच? पण फोटो घेताना मला एकटी, दुःखी बाई हवी होती, म्हणून खालचा माणूस मी चौकटीबाहेर ठेवला. ती कविता मी नंतर कुठं वाचली नाही.

तेव्हापासून मी काही पथ्यं पाळतो. आधी बसायचं, बोलायचं, मग विचारायचं, आणि नाही म्हटलं तर विषय सोडायचा. लहान मुलांचा फोटो आईबापांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायचा नाही. नाव ती व्यक्ती सांगेल तसं वहीत लिहायचं. आणि छापील प्रत आठ दिवसांत पोहोचवायची. काष्टीच्या बाजारात आता काही लोक मला 'फोटोवाले चाचा' म्हणतात. कवी म्हणून तिथं कुणी ओळखत नाही. एका धनगर आजींना त्यांचा फोटो दिला तेव्हा त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी माझ्या आईसारखी दिसाया लागले." त्यांच्या आईचाही फोटो नव्हता. मला माझी दादी आठवली.

तुमच्या लक्षात आलं असेल, त्या वही लिहिणाऱ्या ताईंचं नाव मी इतका वेळ घेतलेलं नाही. नाव मला माहीत आहे, माझ्या वहीत आहे. पण ते रेडिओवर सांगू का, असं मी त्यांना विचारलेलं नाही.

त्या दोघांचा एकत्र फोटो अजून काढायचा राहिला आहे. त्यांची टोळी नंतर आमच्या बाजूला आली नाही. गेले दोन हंगाम ती कर्नाटकात गेली. फोनवर बोलणं होतं. यंदा दिवाळीआधी, उचल घेऊन ती निघण्यापूर्वी, मीच पाथर्डीला जायचं ठरवलं आहे. स्टुडिओ कधीच बंद पडला, पण तसला एक कोट मी भावाकडून मागून घेतला आहे. तो घालायचा की नाही, हे त्या दोघांनी ठरवायचं.

तुमच्याही मोबाईलमध्ये असे कुणाचे तरी चेहरे असतील. यात्रेत काढलेला कुणी, रस्त्याकडेला दिसलेला कुणी. त्यांतल्या एकाचा जरी पत्ता लागला, तरी त्याची प्रत काढून नेऊन द्या. जाताना थोडा वेळ हाताशी ठेवा, कारण तो माणूस तुम्हाला बसा म्हणेल.