ब्राउझरची एक्स्टेन्शने आणि त्यांची निगा



दाखल्याचा अर्ज भरावयाचा असो की शाळेची माहिती वर पाठवावयाची असो, आज ही कामे बहुतेक संगणकावरील ब्राउझरमधूनच होतात. ब्राउझरला एखादे जादा काम करता यावे म्हणून जो छोटा प्रोग्राम जोडतात, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. एखादे जाहिराती अडविते, एखादे इंग्रजीतील चुका दाखविते, एखादे पासवर्ड सांभाळते. एकदा बसविले की मात्र त्याची आठवण सहसा कोणी ठेवीत नाही.

हे विस्मरण कसे भोवू शकते ते २०१८ साली दिसून आले. ग्रामर्ली हे इंग्रजी सुधारून देणारे एक्स्टेन्शन तेव्हा सुमारे दोन कोटी वीस लाख लोकांकडे होते. त्यात असा दोष निघाला की, वापरणारा ज्या संकेतस्थळावर जाईल, त्या स्थळाला त्याच्या ग्रामर्ली-खात्याची किल्लीच हाती लागावी आणि तेथे ठेवलेले त्याचे लेखन वाचता यावे. गूगलमधील सुरक्षा-संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांनी हा दोष कळविला व कंपनीने काही दिवसांतच दुरुस्त आवृत्ती दिली. दुरुस्तीबरोबर दोषही जगजाहीर होतो. म्हणून त्यानंतर जुनी आवृत्ती बाळगणे अधिकच धोक्याचे ठरते.

क्रोम व फायरफॉक्स एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्त्या सामान्यतः आपोआप आणतात. तरीही खात्री करून घ्यावी. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या पानावर ‘डेव्हलपर मोड’ चालू केला की ‘अपडेट’ हे बटण दिसते. काम झाल्यावर तो मोड बंद करावा. फायरफॉक्समध्ये ‘अ‍ॅड-ऑन्स’च्या पानावर दातेरी चाकाच्या खुणेखाली तीच सोय आहे. कचेरीतील सामायिक संगणकावर ब्राउझर दिवसच्या दिवस उघडा राहतो. त्याची स्वतःची नवी आवृत्ती आलेली असली, तरी तो बंद करून पुन्हा उघडल्याखेरीज ती लागू होत नाही.

आता याची दुसरी बाजू. अपडेट नेहमीच हितकारक असते असे नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे एक्स्टेन्शन न वापरलेली पाने थांबवून संगणकाची स्मृती वाचवीत असे. वीस लाखांच्या घरात लोक ते वापरीत. २०२० साली मूळ कर्त्याने ते दुसऱ्यास विकले. नव्या मालकाची आवृत्ती त्याच विश्वासाच्या वाटेने घरोघर पोहोचली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते घातक ठरवून बंद करावे लागले. वापरणाऱ्यांचा यात काडीचाही दोष नव्हता.

यावर एक आडकाठी उपलब्ध आहे. नवी आवृत्ती पूर्वीपेक्षा अधिक अधिकार मागू लागली, तर क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवून वापरणाऱ्याची संमती विचारते. ती सूचना न वाचता ‘होय’ म्हणण्याची सवय फार पसरली आहे. जाहिराती अडविणाऱ्यास सर्व संकेतस्थळे पाहण्याचा अधिकार लागतो हे समजण्यासारखे आहे. पानाचा रंग बदलणाऱ्याने एकाएकी वापरणाऱ्याचा सारा ब्राउझिंग-इतिहास मागितला, तर संमती देऊ नये.

काही एक्स्टेन्शने कर्त्यानेच दुकानातून मागे घेतलेली असतात. ती संगणकावर तशीच राहतात, पण त्यांना पुढे दुरुस्ती मिळत नाही. क्रोमच्या ‘सुरक्षा तपासणी’त अशांची यादी दिसते, ती काढून टाकावीत. शाळेत वा पंचायतीत हे काम एका कर्मचाऱ्याकडे सोपवून, महिन्यातून एकदा केल्याची नोंद वहीत ठेवावी.