गिरणी थांबली, पाणी मात्र वळलेलेच राहिले

(येलदरी, जि. परभणी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



पूर्णा नदीवरील येलदरीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. त्याच्या पायथ्याशी प्रत्येकी साडेसात मेगावॉटचे तीन संच असलेले वीजगृह आहे. जलाशय पूर्ण भरला की त्यात ९३४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सुमारे ३३ टीएमसी पाणी साठते. संच फिरवून बाहेर पडलेले पाणी नदीतून खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांवाटे परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांतील शेतांपर्यंत पोहोचते. एकाच पाण्याने आधी वीज द्यावी आणि मग पीक द्यावे, अशी ही रचना आहे. ती साधी दिसते. परंतु पाण्याच्या बळावर चाललेल्या जुन्या गिरण्यांचे पुढे काय झाले हे पाहिले, म्हणजे तिचे मोल ध्यानात येते.

पाण्याला कामाला लावणे ही मराठवाड्याला नवी गोष्ट नव्हे. औरंगाबादची, आजच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की अठराव्या शतकातली. डोंगरातील पाणी मातीच्या नळांतून शहरापर्यंत आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले जाई आणि बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळले जाई. पाण्याचे बळ, त्यातून निघालेले पीठ आणि ते खाणारी माणसे, सारे एकाच आवारात होते. पाणी कोणासाठी पडते, हा प्रश्न तेथे कोणाला विचारावा लागत नव्हता.

कापडधंद्यातील याच जातीचे उदाहरण सीमाभागात, बेळगाव जिल्ह्यात आहे. गोकाक येथे घटप्रभा नदी सुमारे १७० फूट उंचीवरून कोसळते. काठावर चालुक्य शैलीची प्राचीन मंदिरे आहेत आणि त्यांच्या शेजारी एकोणिसाव्या शतकातील सूतगिरणी उभी आहे. १८८५ साली स्थापन झालेल्या कंपनीने ही गिरणी धबधब्याच्या बळावर चालवण्यासाठीच येथे आणली. त्या काळी चक्राची गती दांडे, पट्टे व दोर यांच्याद्वारेच यंत्रापर्यंत न्यावी लागे आणि ती फार दूर नेता येत नसे. साहजिकच जेथे पाणी पडते तेथेच गिरणी, आणि तेथेच कामगारांची वस्ती. नफा बाहेर जाई. पण काम, धूळ आणि घाम तरी नदीकाठीच राही. गिरणीचा इतिहास शोधणाऱ्याला तिचा सारा पसारा एका दृष्टिक्षेपात सापडे.

विजेने हे बंधन तोडले. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली स्थापन झाली तेव्हापासून गिरण्या वाफेवर, म्हणजे कोळशावर चालत होत्या. १९१५ साली खोपोलीचे टाटांचे वीजगृह सुरू झाले आणि लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पाणी घाटाखाली पाडून निर्माण केलेली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजगृहे आली. परळ-लालबागचा माग आता सह्याद्रीतील पाण्यावर चालू लागला. पण तो चालवणाऱ्या कामगाराने ते पाणी कधी पाहिले नव्हते. ज्याचे शेत त्या पाण्याखाली गेले, त्या मावळ्यानेही माग पाहिला नव्हता. एकाच उत्पादनाच्या साखळीत जखडलेले हे दोन श्रमिक एकमेकांना अपरिचित राहिले, हे त्या व्यवस्थेचे मोठेच यश म्हटले पाहिजे.

भिऱ्याच्या वीजगृहासाठी मुळशी खोऱ्यातील पन्नासच्या आसपास गावांवर संकट आले. १९२१ च्या रामनवमीला तेथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी, स्त्रियांसह, कामाच्या जागी जाऊन बसले, तुरुंगात गेले. धरण थांबले नाही. सरकारने भूसंपादनाचा कायदा कंपनीच्या मदतीला दिला. या संपादनाचे समर्थन असे होते : कोळसा वाचेल, मुंबईच्या उद्योगाला स्वस्त वीज मिळेल, हजारो हातांना काम मिळेल. म्हणजे शेतकऱ्याची जमीन घेतली गेली ती एका विशिष्ट उपयोगाच्या नावाने.

तो उपयोग पुढे बदलला. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि त्यानंतर मुंबईचा कापडधंदा पूर्वीसारखा उभा राहिला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक घरबांधणीसाठी, एक मालकासाठी. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली तो बदल उचलून धरला. फिनिक्स मिलच्या आवारात आज मॉल आहे. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये वस्त्रोद्योगाचे संग्रहालय उभारण्याचे काम महापालिकेने हाती घेतले, ही चांगलीच गोष्ट आहे. धुराडे, यंत्रशाळा, माग हे पुरातत्त्वाचे अवशेषच आहेत, आणि ते राखले पाहिजेत.

परंतु गिरणीचे पुरातत्त्व धुराड्यापाशी संपत नाही. मुळशीचा जलाशय हाही त्या गिरण्यांचाच अवशेष आहे. फरक एवढाच की तो अजून कामात आहे. पूर्वेकडे भीमेला मिळणारे पाणी आजही वीज करून पश्चिमेस कोकणात उतरते. कृष्णा पाणीतंट्यातील बच्छावत लवादाने टाटांच्या या योजनांसाठी धरलेले पाणी सरासरीने वर्षाला चाळीस टीएमसीच्या वर जाते. म्हणजे एक भरलेले येलदरी धरण आणि वर आणखी काही. त्या पाण्यावर आता कोकणातील कारखाने व वस्त्या अवलंबून आहेत, हे खरे. ते एका रात्रीत वळवता येणार नाही. पण ज्या कारणासाठी गावे बुडवली ते कारण नाहीसे झाल्यावर हिशेब पुन्हा मांडायला हवा होता. जमिनीचा उपयोग बदलताना निदान नियमावली झाली, वाद झाले, न्यायालये झाली. पाण्याचा उपयोग मात्र निमूटपणे बदलला. भीमा खोऱ्यातून हे पाणी परत मागणारा आवाज आज उठतो आहे तो म्हणूनच न्याय्य आहे.

येलदरी यातून काय शिकणार? येथील धरण लोकांच्या पैशाने, सार्वजनिक मालकीत उभे राहिले आणि पाणी खोऱ्यातच राहिले, हा मुळशीहून मूलभूत फरक आहे. पण सार्वजनिक मालकी म्हणजे आपोआप मिळालेला न्याय नव्हे. येथेही गावे उठली, येथेही कालव्याच्या शेवटच्या टोकावरचा शेतकरी पाण्याची वाट पाहत राहतो. पाणी सोडण्याची वेळ प्रथम पिण्याच्या आणि शेतीच्या गरजेने ठरावी व वीज तिच्यामागे यावी, हा क्रम पक्का राहिला पाहिजे. वीजगृह जुने होत जाईल, यंत्रे बदलावी लागतील. त्या वेळी नूतनीकरणाच्या निमित्ताने हा क्रम किंवा ही मालकी बदलू देता कामा नये.

यासाठी कार्यकर्त्यांनी हाती घेण्याचे काम मोर्चापेक्षा संथ, पण तितकेच आवश्यक आहे. बुडालेल्या गावांची व गेलेल्या जमिनींची यादी करावी. त्या वेळी कोणते आश्वासन दिले गेले आणि त्यातले काय पाळले गेले, हे वृद्धांना विचारून लिहून घ्यावे. कालव्याच्या टोकाशी कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात पाणी पोहोचले, याची गावनिहाय वही ठेवावी. मुळशीच्या शेतकऱ्यांजवळ न्याय होता. पण गिरण्या बंद पडण्याच्या दिवशी त्यांच्या वतीने हिशेब पुढे करणारे कोणी नव्हते. येलदरीची वही त्या दिवसाच्या आधी लिहून तयार असली पाहिजे.