ईश्वरी मार्गदर्शन आणि माणसाची जबाबदारी



ज्यांनी मला मराठी शिकविले त्या बाईंच्या स्मृतिव्याख्यानासाठी, ज्या शाळेत मी शिकले त्याच शाळेने मला बोलवावे, यात मी माझा गौरव मानत नाही. हे एक जुने ऋण आहे आणि त्यातील थोडे फेडण्याची संधी आपण मला दिलीत असे मी समजते. विषय निवडण्याची मोकळीक मला होती. बाईंशी माझे जे शेवटपर्यंत न संपलेले बोलणे होते, तोच विषय मी निवडला आहे: ख्रिस्ती माणूस आयुष्यातील निर्णय देवाच्या मार्गदर्शनाने घेतो असे म्हणतो, तेव्हा तो नेमके काय करतो?

आज समोर बसलेल्यांत ख्रिस्ती थोडे आणि इतर अधिक आहेत, याची मला जाणीव आहे. परंतु प्रश्न केवळ ख्रिस्ती माणसाचा नाही. बेळगाव, कोकण, गोवा या आपल्या भागात लग्न, जमीन, नोकरी यांसाठी देवाचा कौल घेण्याची चाल जुनी आहे. माणसाला आपल्या बुद्धीचा भरवसा वाटेनासा झाला की तो वर पाहतो. हे पाहणे मला मुळीच हास्यास्पद वाटत नाही. मात्र वर पाहून आपण खाली काय उचलतो, हे तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम माझी स्वतःची गोष्ट सांगते. 1974 साली मला पुण्याच्या एका महाविद्यालयात अध्यापनाची जागा मिळत होती. वडील वारलेले, आई एकटी, धाकटा भाऊ नुकताच बारावीच्या बरोबरीची परीक्षा उत्तीर्ण होऊन हुबळीला अभियांत्रिकीला जाण्याच्या तयारीत. आम्हा दोघांपैकी एकानेच घर सोडणे शक्य होते. मी रात्री प्रार्थना केली, डोळे मिटून पवित्र शास्त्र उघडले आणि पानावर बोट ठेवले. अब्राहामाला आपला देश व पितृगृह सोडून जाण्याची आज्ञा झाली तो उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातील भाग निघाला. सकाळी मी घरात जाहीर केले की देवाने मला उत्तर दिले आहे. आई भाविक होती. ती एक शब्दही बोलली नाही. भावाने हुबळीचा बेत सोडला आणि येथेच एका पेढीवर हिशेबनिसाची नोकरी धरली.

निरोप घेण्यासाठी मी बाईंकडे गेले. बाई ख्रिस्ती नव्हत्या. पण माझ्या श्रद्धेची त्यांनी कधी थट्टा केली नाही. सारे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, "बाळ, ते पान निघण्याआधी तू पुस्तक किती वेळा उघडलं होतंस?"

मी तीन वेळा उघडले होते. पहिल्या खेपेस वंशावळी निघाली, दुसऱ्या खेपेस यज्ञाचे नियम. मी उत्तर दिले नाही. बाईंनीही पुन्हा विचारले नाही. कपाटातून त्यांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून माझ्या हाती दिली आणि म्हणाल्या, "हे गाडीत वाच."

मराठी ख्रिस्ती आत्मचरित्रे हा पुढे माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय झाला, त्याचे मूळ या भेटीत आहे. नारायण वामन टिळकांची कथा आपणांस ठाऊक आहे. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला; डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन जिंकले; आणि दीर्घ मंथनानंतर 1895 साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाजूने पाहिले तर ही देवाच्या हाकेची कथा आहे. 'स्मृतिचित्रे' वाचताना मात्र तीच कथा दुसऱ्या बाजूने दिसते. ज्या निर्णयात आपले मत कोणी घेतले नाही, त्याची किंमत सुमारे पाच वर्षांच्या ताटातुटीने लक्ष्मीबाईंनी दिली. पतीला झालेले मार्गदर्शन त्यांच्यावर वीज कोसळावी तसे कोसळले. आणि तरीही, पती सांगतो म्हणून त्यांनी धर्म बदलला नाही. जातिभेद देवाने केले की माणसांनी, याचा विचार त्यांनी स्वतःच्या मनाशी केला, सोवळ्याओवळ्याची एकेक गाठ स्वतः सोडविली, आणि 1900 साली आपल्या पायांनी चालत जाऊन बाप्तिस्मा घेतला. एकाला झालेले मार्गदर्शन दुसऱ्यावर लादता येत नाही. ते दुसऱ्यालाही त्याच्या वेळी, त्याच्या वाटेने व्हावे लागते. हा धडा मी गाडीत वाचला, पण तेव्हा तो मला लागू आहे असे वाटले नाही.

आता शास्त्राकडे वळू. चिन्ह मागणाऱ्यांना गिदोनाचे उदाहरण फार प्रिय असते. खळ्यात लोकर ठेवून, रात्री ती दहिवराने भिजावी आणि भोवतालची जमीन कोरडी राहावी, असे चिन्ह त्याने मागितले. परंतु शास्त्यांचा सहावा अध्याय नीट वाचला तर दिसते की काय करावयाचे ते देवाने गिदोनाला आधीच स्पष्ट सांगितले होते. लोकर त्याला मार्ग दाखवीत नव्हती. त्याच्या भीतीची ती समजूत होती. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून केली हे खरे. पण ही घटना पवित्र आत्म्याच्या अवतरणापूर्वीची आहे. त्यानंतर 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात चिठ्ठ्या टाकल्याचा उल्लेख येत नाही. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत वाद होतो, साक्षी होतात, शास्त्र तपासले जाते आणि मगच सर्वांचा मिळून निर्णय होतो. सोळाव्या अध्यायात पौलाच्या दोन वाटा बंद होतात, तिसऱ्या वेळी त्याला मासेदोनियातील माणसाचा दृष्टान्त होतो. पण त्या दृष्टान्ताचा अर्थ ठरविताना ग्रंथकार 'आम्ही' असे बहुवचन वापरतो. दृष्टान्त एकाला झाला, अर्थ सोबत्यांनी मिळून लावला.

आणखी एक गोष्ट तर मला अस्वस्थ करते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मोहात पाडतो तेव्हा तो शास्त्रातलेच वचन पुढे करतो. म्हणजे हवे ते वचन नेमके सापडणे, ही देवाच्या आवाजाची खूण ठरू शकत नाही.

मग खूण कोणती? सोळाव्या शतकातील संत इग्नाशियस लोयोला यांनी याचा सूक्ष्म विचार केला आहे. 1579 साली गोव्यात आलेले आणि 1616 साली 'क्रिस्तपुराण' मराठीला देणारे फादर स्टीफन्स हे त्यांच्याच येशूसंघाचे. मी स्वतः प्रॉटेस्टंट घराण्यातली. पण शहाणपणाला पंथ नसतो. इग्नाशियस सांगतात की निर्णयापूर्वी मन तराजूच्या काट्यासारखे मध्यावर आणावे. कोणतेही पारडे आधीच दाबून धरू नये. दोन्ही बाजूंची कारणे मांडावीत. एखादा अनोळखी माणूस हाच प्रश्न घेऊन आला असता तर त्याला आपण काय सांगितले असते, ते पाहावे. मरणाच्या घटकेला कोणता निर्णय घेतला असता तर बरे वाटेल, हे स्वतःला विचारावे. आणि मन उदास, अंधारलेले असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. या कसोट्या साध्या दिसतात, परंतु 1974 च्या त्या रात्री यांतील पहिलीच मी पाळली नव्हती. माझा काटा पुण्याकडे झुकलेला होता आणि पुस्तक मी त्या पारड्यात वजन म्हणून टाकले होते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने फार बोलके आहे. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण आपल्याला धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र अजून मिळालेला नाही, हे आपल्या सुमारे आठ वर्षांनी ध्यानात आले, असे त्यांनीच पुढे प्रांजळपणे नमूद केले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुलींना आणण्यासाठी त्या निघाल्या, तेव्हा त्यांना आकाशवाणीची गरज पडली नाही. 1870 च्या दशकातील दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंना भूक ठाऊक होती. केडगावची जमीन आधीच हाती होती. आठवण, माहिती, हाताशी असलेले साधन आणि प्रार्थना यांच्या संगमातून त्यांचे पाऊल उचलले गेले. त्या निर्णयाने शेकडो मुली वाचल्या.

आणि आपल्या बेळगावचेच बाबा पदमनजी. 1831 साली येथे जन्मलेल्या आणि 1854 साली येथेच बाप्तिस्मा घेतलेल्या या माणसाचे 'अरुणोदय' वाचा. वर्षानुवर्षांची चलबिचल, वाचन, वाद, परमहंस मंडळीतील सहवास, पुन्हा शंका. शीर्षकच पाहा: पहाट हळूहळू होते. मार्गदर्शन म्हणजे वीज चमकणे, ही आपली समजूत या ग्रंथाने सुटते.

आता माझ्या गोष्टीचा उत्तरार्ध. पुण्याला जाऊन बारा वर्षे झाल्यावर, एका नाताळात, भाऊ आणि मी ओसरीवर बसलो होतो. बोलता बोलता तो शांतपणे म्हणाला, "ताई, देवाने तुला सांगितलं हे मी मानतो. पण मला कोणी विचारलं नाही." त्याच्या स्वरात राग नव्हता, असता तर मला सोपे गेले असते. त्या क्षणी मला बाईंचा प्रश्न आणि लक्ष्मीबाईंचे पुस्तक दोन्ही एकदम कळली. भावाची क्षमा मी मागितली. त्याने ती दिली. पण गेलेली वर्षे क्षमेने परत येत नाहीत.

पुढे 1988 साली आईने अंथरूण धरले. येथील एका महाविद्यालयात, माझ्या पदापेक्षा खालच्या पदाची जागा रिकामी होती. या खेपेस मी पान उघडले नाही. भावाला विचारले, भावजयीला विचारले, बाईंना विचारले आणि आईलाही विचारले. आई म्हणाली, "माझ्यासाठी येऊ नकोस. तुला यावंसं वाटत असेल तर ये." कागदावर दोन रकाने केले. महिनाभर थांबले, रोज प्रार्थना केली. कोणताही आवाज आला नाही. मग मी आले. आई आणखी दोन वर्षे होती. तो निर्णय देवाचा होता असे मी आजही छातीठोकपणे म्हणणार नाही. तो माझा होता, मी तो देवापुढे उघडा ठेवला होता, आणि ज्यांना त्याची किंमत द्यावी लागणार होती त्या सर्वांना विचारून घेतला होता, एवढेच मी म्हणू शकते. श्रद्धावंताला याहून अधिक म्हणण्याचा अधिकार क्वचितच असतो, असे माझे मत आहे. गेथशेमाने बागेत प्रत्यक्ष येशूनेही आपली इच्छा लपविली नाही. ती पित्यासमोर बोलून दाखविली आणि मग बाजूला ठेवली. आपण बहुधा उलट करतो: इच्छा लपवितो आणि तिलाच देवाचे नाव देतो.

विद्यार्थिमित्रहो, लवकरच तुम्हांलाही शाखा, गाव, नोकरी, जोडीदार यांचे निर्णय घ्यावे लागतील. तुमचा देव कोणताही असो, त्याला जरूर विचारा. पण त्याचे उत्तर आले असे वाटले की घरातील ज्या माणसाला त्या उत्तराचा भार उचलावा लागणार आहे, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि त्याचे म्हणणे ऐका. ते ऐकून झाल्यावर जे उत्तर शिल्लक राहील, त्याच्यावर पाऊल टाका.

बाईंच्या त्या प्रश्नाचे उत्तर मी त्यांच्या हयातीत दिले नाही. आज त्यांच्या नावाच्या या व्यासपीठावरून देते: बाई, तीन वेळा.