शिरगणती आणि दुधाचे माप : गुजरातच्या पशुधनाचा विचार



प्रत्येक ग्रंथालयात दोन नोंदवह्या असतात. एक दाखल पुस्तकांची, दुसरी देवघेवीची. पहिलीवरून कपाटांत किती पुस्तके आहेत ते समजते. दुसरीवरून त्यांपैकी किती वाचकांच्या हाती जातात ते समजते. पहिलीतील आकडा वाढला म्हणून दुसरीतील वाढतोच असे नाही. उलट पुस्तकांची संख्या आहे तेवढीच राहून वाचन मात्र वाढले, असेही घडते. राज्याच्या पशुधनाचा हिशेब असाच दोन वह्यांत लिहिलेला असतो. त्यांतली एकच वही चाळून मत बनविणारा मनुष्य हमखास फसतो. गुजरातच्या बाबतीत तर या दोन वह्या परस्परविरुद्ध साक्ष देतात असा प्रथमदर्शनी भास होतो. हा विरोध खरा आहे की वरवरचा, आणि त्याची किंमत कोण मोजतो, हाच प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पहिली वही म्हणजे पशुगणना. हिंदुस्थानात पहिली पशुगणना 1919-20 साली झाली आणि तेव्हापासून साधारणतः दर पाच वर्षांनी ती होत आली. प्रगणक घरोघर जातो. गोठ्यात किती गाई, किती म्हशी, किती शेळ्यामेंढ्या, किती कोंबड्या, हे विचारून टिपून घेतो. 2019 साली विसावी गणना झाली, तेव्हा त्याच्या हातात कागदाऐवजी टॅबलेट होता. दुसरी वही उत्पादनाची. दूध, अंडी, लोकर आणि मांस यांचे आकडे गणनेतून येत नाहीत. ते नमुना पाहणीतून येतात. उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत निवडक गावांत जाऊन दुभत्या जनावराचे सरासरी दूध मोजले जाते आणि त्या सरासरीला दुभत्या जनावरांच्या संख्येने गुणले जाते. म्हणजे पहिली वही मोजणीची आहे, तर दुसरी अंदाजाची. हा अंदाज शास्त्रशुद्ध असला तरी अंदाजच असतो, हे आकडा उद्धृत करणाऱ्याने विसरू नये.

आता दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. 2012 साली गुजरातेत सर्व मिळून सुमारे 2 कोटी 71 लाख पशुधन होते. 2019 साली ते 2 कोटी 69 लाखांच्या आसपास आले. म्हणजे जवळजवळ एका टक्क्याने घटले. गोवंशाची संख्या साडेतीन टक्क्यांनी कमी होऊन सुमारे 96 लाखांवर आली. म्हशी दीड टक्क्याने वाढून सुमारे 1 कोटी 5 लाख झाल्या. शेळ्या किंचित घटल्या. याच सुमारास दुधाचे काय झाले? 2012-13 साली राज्याचे दूध उत्पादन सुमारे 1 कोटी 3 लाख टन होते; 2018-19 साली ते सुमारे 1 कोटी 45 लाख टनांवर गेले. 2023-24 साली देशात 23 कोटी 93 लाख टन दूध निघाले आणि त्यात गुजरातचा वाटा 7.65 टक्के, म्हणजे सुमारे 1 कोटी 83 लाख टन होता. उत्तर प्रदेश, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्या पाठोपाठ गुजरातचा चौथा क्रमांक लागला, तर पाचवा महाराष्ट्राचा.

जनावरे कमी आणि दूध जास्त, या कोड्याची उकल करताना पहिले कारण गोठ्याच्या आतच सापडते. गोठ्यातील दावणी तितक्याच राहिल्या, पण दावणीला बांधलेले जनावर बदलले. 2012 साली देशात गोवंशातील नर सुमारे 6 कोटी 79 लाख होते. 2019 साली ते 4 कोटी 74 लाखांवर आले. अवघ्या सात वर्षांत तीस टक्के घट झाली. याच काळात गाई मात्र अठरा टक्क्यांनी वाढल्या. बेरीज जवळपास तीच राहिली, पण तिच्या पोटात एक युग संपले. नांगर, मोट, गाडी आणि मळणी या चारही कामांतून बैल बाहेर पडला. त्याची जागा ट्रॅक्टरने आणि विजेच्या पंपाने घेतली. ज्याला काम नाही त्याला वैरण कोण घालणार?

सुरतेतील मराठी माणसाला हा बदल आकड्यांवाचूनही ठाऊक आहे. उधना आणि लिंबायत भागांतल्या मागांवर काम करण्यासाठी धुळे, जळगाव आणि नंदुरबारकडून जी कुटुंबे आली, त्यांतील पुष्कळांच्या गावाकडच्या घरी एके काळी बैलजोडी होती. खानदेशात पोळ्याचा सण मोठा. गावी राहिलेला भाऊ शिंगांना रंग लावी, झूल घाली; शहरात आलेला भाऊ मातीच्या बैलांची पूजा करी. पुढे गावच्या भावालाही मातीचेच बैल पुजण्याची पाळी आली. पशुगणनेतील नरांची घट म्हणजे अशा लाखो घरांतील रिकाम्या झालेल्या दावणींची बेरीज आहे.

दुसरे कारण म्हैस. देशातल्या बहुतेक भागांत दुधाचा विचार निघाला की बोलणे गाईवर येते. गुजरातेत मात्र म्हशींची संख्या गोवंशाहूनही अधिक आहे. या राज्याने म्हशींच्या नामांकित जाती दिल्या: काठेवाडची धिप्पाड जाफराबादी, मुऱ्हा आणि सुरती यांच्या संकरातून तयार झालेली मेहसाणी, 2010 साली स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळालेली कच्छची बन्नी, आणि या शहराचे नाव मिरविणारी सुरती. सुरती म्हशीचा मूळ प्रदेश मही आणि साबरमती या नद्यांच्या मधला. चरोतरी आणि नडियादी ही तिचीच नावे. पण प्रसिद्धी मिळाली ती सुरतच्या नावाने. अंगाने मध्यम, विळ्यासारखी शिंगे, गळ्याखाली दोन पांढरे पट्टे आणि दुधात भरपूर स्निग्धांश, ही तिची ओळख. आकाराने लहान असल्यामुळे ती थोड्या वैरणीवर भागवते. म्हणून अल्पभूधारकाच्या दारात ती शोभते आणि परवडतेही.

पण नुसती म्हैस चांगली असून भागत नाही. तिच्या दुधाला दाम मिळावा लागतो. 1946 साली खेडा जिल्ह्यात त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने दूध उत्पादकांचा सहकारी संघ उभा राहिला. पुढे डॉ. वर्गीस कुरियन यांनी त्याचा विस्तार केला आणि 1970 पासून ‘ऑपरेशन फ्लड’ योजनेने तोच नमुना देशभर नेला. म्हशीच्या दुधाची भुकटी होऊ शकत नाही असे परदेशी तज्ज्ञ सांगत असताना आणंदला हरिचंद दलाया यांनी ती करून दाखविली. सुरत जिल्ह्याचा संघ 1951 साली स्थापन झाला; तोच आजचा ‘सुमुल’. सुरत आणि तापी या दोन्ही जिल्ह्यांतील गावे त्याच्याशी जोडलेली आहेत. सकाळ-संध्याकाळ मंडळीवर दूध घालावे, स्निग्धांश तपासला जावा आणि त्याप्रमाणे पैसे मिळावेत, ही साधी दिसणारी रीत आहे. पूर्वी गवळ्याच्या मापावर आणि सावकाराच्या मर्जीवर दुधाचा भाव ठरत असे. तो यंत्राच्या काट्यावर ठरू लागला, हे या रीतीचे खरे श्रेय. गुजरातचे वाढते दूध हे जनावराइतकेच या काट्याचे फळ आहे.

तिसरे कारण वंशसुधारणेचे. येथे सुरत आणि महाराष्ट्र यांना जोडणारे एक नाव आदराने घ्यावे लागते. सुरत जिल्ह्यातील कोसमाडा या गावी 27 एप्रिल 1920 रोजी जन्मलेले मणिभाई देसाई 1946 साली गांधीजींबरोबर पुण्याजवळच्या उरुळीकांचनला गेले आणि तेथेच राहिले. निसर्गोपचार आश्रम सांभाळता सांभाळता त्यांनी गीर गाई पाळल्या, त्यांच्या दुधाची वाढ काटेकोरपणे नोंदविली आणि 1967 साली ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. गोठविलेले वीर्य घेऊन प्रशिक्षित कार्यकर्ता थेट शेतकऱ्याच्या गोठ्याशी जाईल, गाय कोठे न्यावी लागणार नाही, ही त्यांच्या कामाची पद्धत होती. जर्सी आणि होल्स्टीन यांच्याशी संकर करून त्यांनी कमी दूध देणाऱ्या गावठी गाईची पुढची पिढी दुधाळ केली. 1982 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 1993 साली ते निवर्तले. गुजरातच्या एका पुत्राने महाराष्ट्राच्या मातीत राहून दोन्ही राज्यांच्या गोठ्यांची रीत पालटली.

मात्र संकराचेही दुसरे अंग आहे. संकरित गाय दूध अधिक देते, तशी ती खुराक, पाणी आणि औषधही अधिक मागते. 2012 ते 2019 या काळात देशातील देशी गोवंश सहा टक्क्यांनी घटला. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात भातखाचरांतून काम करणारी डांगी जात डांग आणि नाशिक जिल्ह्यांची साधी ओळख. तिचे मोल दुधाच्या लिटरांत मोजले तर ती तोट्याची ठरते. तिच्या काटकपणाला उत्पादनाच्या वहीत रकानाच नाही. ज्याला रकाना नाही ते हळूहळू नाहीसे होते, हा हिशेबाचा दोष आहे.

वैरणीचा प्रश्न याहून जुना. महात्मा फुले यांनी 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात, जंगल खात्याने गावची गायराने घेतल्याने शेतकऱ्याच्या जनावरांची झालेली उपासमार मांडली होती. मराठीत जे गायरान, तेच गुजरातीत गौचर. शब्द दोन असले तरी दुखणे एकच आहे. दक्षिण गुजरातेत या कथेला वेगळे वळण लागले. 1972 साली उकाईचे धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयात गुजरातेतील आणि महाराष्ट्रातील अनेक गावांच्या जमिनी आणि चराया बुडाल्या. कालव्याखालच्या भागात मात्र ऊस आला. बारडोली, मढी आणि चलथाण येथील सहकारी साखर कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडीच्या दिवसांत वाढ्यांचे भारे स्वस्त मिळतात आणि गोठे त्यांवर पोसले जातात. पण नुसते वाढे खाऊ घातल्यास जनावराच्या शरीरातील कॅल्शियम कमी होते, हे पशुवैद्य वारंवार बजावतात. चरणारे जनावर दहा प्रकारचे गवत निवडून खात होते. बांधलेले जनावर मालक जे टाकेल तेच खाते.

एकाच ठिकाणी पुष्कळ जीव गोळा झाले की रोगाचे भयही गोळा होते. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, हे सुरत-भुसावळ मार्गाने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिले असेल. 18 फेब्रुवारी 2006 रोजी याच नवापुरात भारतातील कोंबड्यांच्या पहिल्या बर्ड फ्लूची खात्री पटली आणि लगोलग पलीकडचा उच्छल तालुकाही त्याच छायेत आला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. 2021 साली तोच प्रसंग पुन्हा ओढवला. विषाणूने राज्याची हद्द ओळखली नाही. 2022 साली लंपी रोगाने कच्छ आणि सौराष्ट्रातील गाई-बैलांचा बळी घेतला. संख्या एका वर्षात कशी कोसळू शकते, हे पाच वर्षांनी होणारी गणना सांगू शकत नाही.

शहरातील गुरांचा प्रश्नही याच विषयाचा भाग आहे. गौचर आकसले, शहर वाढले, आणि मालधारी समाज आपल्या जनावरांसह शहराच्या पोटात सापडला. ‘माल’ म्हणजे जनावर, आणि ते धारण करणारा तो मालधारी; जनावर हीच ज्याची संपत्ती, त्याचे हे नाव. मार्च 2022 च्या अखेरीस मोकाट गुरांना आळा घालणारे विधेयक गुजरात विधानसभेत संमत झाले. मालधाऱ्यांनी तीव्र विरोध केला आणि सप्टेंबर 2022 मध्ये ते मागे घेण्यात आले. रस्त्यावर जखमी होणारा नागरिक आणि चराई गमावलेला पशुपालक, दोघांचेही गाऱ्हाणे खरे आहे. भाकड गाय आणि निकामी गोऱ्हा यांच्या पोषणाचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न दुधाच्या वाढत्या आकड्याने सोडविलेला नाही. तो केवळ गोठ्यातून रस्त्यावर आणला आहे.

‘दुभत्या गाईच्या लाथा गोड’ अशी म्हण आहे. त्या लाथा बहुतेक वेळा घरातली बाई खाते. पहाटे उठून शेण काढणे, वैरण आणणे, धार काढणे, आजारी वासराजवळ रात्र जागविणे, ही कामे तिची. मात्र मंडळीच्या पासबुकावर कित्येकदा नाव घरधन्याचे असते. जिथे बाईच्या नावावर सभासदत्व आणि दुधाचे पैसे आले, तिथे ते मुलांच्या शाळेकडे आणि औषधाकडे वळले, असा सहकारी चळवळीतील कार्यकर्त्यांचा अनुभव आहे. तिचे श्रम कोणत्याही वहीत टनांत किंवा लिटरांत नोंदले जात नाहीत. ते नोंदले गेले तर दुधाचा खरा उत्पादनखर्च किती, हे कळेल.

एकविसावी पशुगणना 25 ऑक्टोबर 2024 रोजी सुरू झाली. तिचे आकडे वाचताना जाणत्या वाचकाने बेरजेवर थांबू नये. नर किती आणि मादी किती, देशी किती आणि संकरित किती, म्हैस किती, शेळी किती, दुधाची वाढ कोणत्या जातीच्या, कोणत्या वैरणीच्या आणि कोणाच्या श्रमांच्या बळावर झाली, हे सारे रकाने एकत्र पाहावेत. कमी जनावरांतून अधिक दूध ही निश्चितच प्रगती आहे. परंतु ज्या राज्यात एका म्हशीच्या आधारावर भूमिहीनाचे घर उभे राहते, तेथे एकूण दूध किती वाढले याबरोबरच ते किती घरांत वाढले, हेही विचारले पाहिजे. दूध वाढून गोठे कमी झाले, तर तो आकडा उत्पादनाचा असेल. समृद्धीचा असेलच असे नाही.