कोकनी नावाचा मासा



आज मी तुम्हाला कोकनीबद्दल सांगणार आहे. कोकणी नव्हे. बाणातला 'ण' नाही, नळातला 'न'. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठचा माणूस. आमच्या बोलीत 'ण'चा 'न' सहज होतो, त्यामुळे हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा कुणी गाववालाच भेटतोय असं वाटलं. पण हा कोकनी म्हणजे अमेरिका आणि कॅनडा यांच्या पश्चिमेकडच्या थंड सरोवरांत राहणारा एक मासा. नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं आहे. त्याचा अर्थ 'लाल मासा' असा सांगतात.

सॅमन मासा आता आपल्याकडेही मोठ्या हॉटेलांमुळे ऐकून माहीत झाला आहे. नदीत जन्मायचं, समुद्रात जाऊन मोठं व्हायचं, आणि जन्मल्या पाण्यात परत येऊन अंडी घालून मरायचं, असा त्याचा क्रम. त्यातल्या सॉकाय जातीच्या सॅमनचे काही पूर्वज हजारो वर्षांपूर्वी सरोवरांतच राहिले. कुठे समुद्राची वाट बंद झाली, कुठे वाट असूनही ते गेले नाहीत. त्यांचे वंशज म्हणजे हे कोकनी. समुद्राचं भरपूर अन्न मिळत नाही, म्हणून अंगानं लहान. बहुतेक ठिकाणी वीत-सव्वा वीत. एरवी चांदीसारखे चकचकीत. तीन-चार वर्षांचे झाले की लालभडक होतात, नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो, आणि अंडी घालून झाली की नर-मादी दोघंही मरतात. समुद्र सुटला, पण घराण्याचा हा रिवाज काही सुटला नाही.

माझा भाचा वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात नोकरीला आहे. २०२३ च्या मे महिन्यात मी त्याच्याकडे होतो. तिथून तासा-दीड तासावर, शेजारच्या आयडाहो राज्यात, पाँड ओरे नावाचं सरोवर आहे. लांबी ७० किलोमीटरच्या आसपास आणि खोली साडेतीनशे मीटर. इतकं खोल की समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असूनही अमेरिकेचं नौदल तिथे पाणबुड्यांच्या मोठ्या नमुन्यांवर चाचण्या घेतं. भाच्याचे शेजारी सत्तरी ओलांडलेले, लाकडाच्या गिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ. छोटी बोट त्यांची. "मामू, गरवायला येताय का?" भाच्यानं विचारलं. गरवणं म्हणजे गळ टाकून मासे धरणं. अमेरिकेत राहून त्याच्या तोंडी हा शब्द टिकून आहे, याचं मला बरं वाटलं. माझ्यासाठी एका दिवसाचा परवाना काढला आणि भल्या पहाटे आम्ही निघालो.

आपल्याकडे गरवणारा माणूस एका जागी बसतो. इथे बोट चालू असते आणि गळ तिच्या मागून ओढत न्यायचा असतो. याला ट्रोलिंग म्हणतात. कोकनीसाठी बोटीचा वेग ताशी दोन किलोमीटरच्या आसपास ठेवतात. म्हणजे आपल्या चालण्याच्या निम्मा. दोरीच्या टोकाकडे आधी बोटभर लांबीची, किंचित वाकवलेली चकचकीत धातूची पट्टी असते. बोट चालली की ती पाण्यात डावी-उजवीकडे डुलते. तिच्या मागे वीतभर अंतरावर गुलाबी किंवा नारिंगी मणी, फिरणारं छोटं पातं आणि दोन बारीक गऱ्या. आणि त्या गरीला काय लावावं? मक्याचा पांढरा दाणा! मी हसलो. आमच्याकडे गरीला कोलंबी लावतात. मासा मका खाईल हे मला पटेना.

शेजारी म्हणाले, "तो मका खात नाहीच. त्याला यातलं काहीच खायचं नसतं."

कोकनीचं खरं अन्न आहे डॅफ्निया आणि त्याच्यासारखे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. टाचणीच्या डोक्याएवढे, त्याहूनही लहान. गिलांच्या आत कंगव्यासारखे दाते असतात, त्यांनी तो हे जीव पाण्यातून गाळून घेतो. टाचणीच्या डोक्याएवढा घास गरीला लावणार कसा? म्हणून मग चकाकी, रंग, वास आणि डुलणं. पट्टीचं डुलणं पाहून तो जवळ येतो आणि मागच्या गरीवर झडप घालतो. का घालतो, यावर गरवणारे लोक अजून वाद घालतात. कुणी म्हणतं चिडतो, कुणी म्हणतं कुतूहल.

हंगामाच्या सुरुवातीला हा मासा धरणं त्यातल्या त्यात सोपं, कारण तेव्हा तो वर असतो. कोकनीला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी आवडतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, तेव्हा तो वीस-तीस मीटर खाली जातो आणि त्याच्यापर्यंत पोचायला जड वजनं आणि यंत्रं लागतात. वसंतात मात्र सगळं सरोवर वरपासून खालपर्यंत गारच असतं. उन्हानं पहिल्यांदा कोमट होतो तो वरचा थर. सूक्ष्म जीव तिथे वाढतात, आणि त्यांच्यामागे कोकनी येतो. वजन नसलेली साधी दोरी, लवचिक काठी आणि सावकाशी, एवढ्यावर काम होतं. बोट सरळ न नेता नागमोडी न्यायची. वळणाच्या आतली दोरी हळू होते, बाहेरची जलद. मासा कुठल्या दोरीला लागला त्यावरून वेग कमी करायचा की वाढवायचा ते कळतं.

मी बिस्मिल्ला म्हणून दोरी सोडली. तासाभरानं काठी थरथरली. हिसका देणार तेवढ्यात शेजाऱ्यांनी हात धरला. कोकनीचं तोंड फार मऊ असतं; हिसका दिला की गरी ओठ फाडून निघून येते. हळूहळू ओढत आणून खाली जाळी धरली तेव्हा तो बोटीत आला. तिघांना मिळून दुपारपर्यंत पाच मिळाले. घरी भाच्याच्या बायकोनं माझ्याबरोबर आलेलं आमसूल घालून कालवण केलं. कोकनीला कोकम! आतलं मांस नारिंगी-लाल असतं. तो रंगही त्या सूक्ष्म जीवांचाच.

पण श्रोतेहो, मला सांगायचं आहे ते यापुढचं. बोटीत बसून शेजारी म्हणाले होते, "माझ्या नातवाचं अख्खं लहानपण या माशाशिवाय गेलं." २००० साली या सरोवरात कोकनी धरायला बंदी आली. ती उठली २०१३ मध्ये.

१९५० आणि १९६० च्या दशकांत याच सरोवरातून वर्षाला दहा लाखांच्या आसपास कोकनी धरले जात. त्या सुबत्तेत आणखी भर घालावी या हेतूनं १९६६ पासून सरोवरात मायसिस नावाची कोळंबी सोडली गेली. दिसायला आपल्या जवळ्यासारखी, दोन-अडीच सेंटिमीटरची. आधार होता कॅनडातल्या कूटनी सरोवराचा. तिथे १९४९ मध्ये ती सोडली होती आणि तिथल्या एका फाट्यातले कोकनी ती खाऊन चांगले मोठे झाले होते. हे पाहून अनेक सरोवरांत तोच प्रयोग झाला.

पण त्या फाट्याच्या तोंडाशी पाणी उथळ आहे. प्रवाहाबरोबर कोळंबी वर ढकलली जाते आणि दिवसाउजेडी कोकनीला दिसते. खोल सरोवरात तसं होत नाही. मायसिस दिवसा तळाशी अंधारात बसते आणि रात्री वर येते. कोकनी डोळ्यांनी पाहून खाणारा. रात्री त्याला ती दिसत नाही. आणि वर येऊन मायसिस काय खाते? डॅफ्निया. कोकनीला घास म्हणून आणलेली कोळंबी कोकनीच्याच ताटात जेवायला बसली.

पाँड ओरेमध्ये आणखी एक गोष्ट घडली. १९२५ मध्ये तिथे लेक ट्राउट नावाचा मोठा शिकारी मासा सोडलेला होता. तो अनेक दशकं थोडाच राहिला. मायसिसमुळे त्याच्या पिल्लांना तळाशी आयतं अन्न मिळालं. पिल्लं जगली, मोठी झाली आणि कोकनी खाऊ लागली. त्यात धरणामुळे हिवाळ्यात पाणी खाली उतरे आणि कोकनी अंडी घालतो ती काठाची खडी उघडी पडे. एका माशावर तिन्ही बाजूंनी संकट.

शेजारच्या मोंटाना राज्यातलं उदाहरण तर याहून बोलकं आहे. तिथल्या फ्लॅटहेड सरोवरातले कोकनी दर शरद ऋतूत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानातल्या मॅकडोनल्ड ओढ्यात अंडी घालायला जात. त्यांना खायला पांढऱ्या डोक्याचे गरुड जमत. १९८१ मध्ये तिथे सहाशेहून जास्त गरुड मोजले गेले, आणि ते पाहायला माणसांची गर्दी होई. वरच्या अंगाच्या सरोवरांत सोडलेली मायसिस वाहत वाहत त्याच सुमारास फ्लॅटहेडमध्ये पोचली. १९८५ मध्ये ओढ्यात लाखावर कोकनी आले होते. १९८७ मध्ये आले ३३०. १९८९ मध्ये ५०. त्या वर्षी गरुड उरले २५. कुणी गरुडावर बंदूक चालवली नाही, ओढ्यात विष कालवलं नाही. लांबच्या सरोवरांत कुणीतरी चांगल्या हेतूनं कोळंबी सोडली होती, एवढंच.

फ्लॅटहेडमध्ये कोकनी पुन्हा उभा राहिला नाही. पाँड ओरेमध्ये राहिला, कारण तिथल्या लोकांनी तो संपायच्या आधी हात आखडता घेतला. धरायला बंदी घातली. हिवाळ्यातली पाण्याची पातळी अंड्यांचा विचार करून ठरवायला सुरुवात झाली. २००६ पासून लेक ट्राउट मोठ्या जाळ्यांनी काढायला लागले आणि गरवणाऱ्यांनी तो धरून आणला की रोख बक्षीस. पुढे ते माशामागे १५ डॉलर होतं. ज्यांचा गळ बंद झाला होता त्यांनी तोच गळ दुसऱ्या माशासाठी उचलला. २०१३ मध्ये कोकनी पुन्हा खुला झाला तो दिवसाला सहा माशांच्या मर्यादेनं.

मायसिस मात्र परत काढून घेता आली नाही. सरोवरात काही सोडायला एक दुपार पुरते, निस्तरायला पिढी जाते. तळी-धरणं आपल्याकडेही आहेत, आणि त्यांत नवनवे मासे सोडण्याचा उत्साहही आहे. सोडण्याआधी एवढंच विचारावं: या पाण्यात आधीपासून कोण जेवतंय, आणि नवा पाहुणा कुणाच्या ताटात बसणार आहे?

शेजाऱ्यांचा नातू आता पंचविशीचा आहे. त्यानं पहिला कोकनी धरला तो वयात आल्यावर. आजोबा म्हणाले, "उशीर झाला, पण मिळाला."