मनाचे आरोग्य आणि दिवसाची घडी
(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक सभा म्हणजे वर्षभराच्या कामाचा हिशेब. शस्त्रक्रिया किती झाल्या, प्रसूती किती झाल्या, हे आकड्यांत मांडता येते. मनाच्या आजारातून सावरलेल्या माणसाचा हिशेब मात्र तसा मांडता येत नाही. तो पुन्हा पहाटे उठू लागला, घरच्यांबरोबर बसून जेवू लागला, शेताकडे चक्कर मारू लागला, एवढेच त्याच्या घरचे सांगतात. आमच्या दृष्टीने बरे होण्याची खूण हीच. या खुणेपर्यंत पोहोचण्याची वाट कशी असते, ते आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

यवतमाळ जिल्ह्यात मनाच्या आरोग्याविषयी बोलताना शेतीविषयी बोलणे टळत नाही. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे आणि त्यांच्या कुटुंबाचा १९ मार्च १९८६ रोजी झालेला अंत महाराष्ट्र विसरलेला नाही. कोरडवाहू कापूस, बेभरवशाचा पाऊस, बोंडअळी, न परवडणारा भाव आणि डोक्यावरचे कर्ज हे प्रश्न धोरणाने आणि शासनाच्या कर्तव्यानेच सुटावयाचे आहेत. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, हे आम्ही प्रथमच स्पष्ट करतो. परंतु खचलेल्या मनाचा माणूस बँकेची पायरी चढत नाही, पीकविम्याचा अर्ज भरत नाही, पेरणीची वेळ साधत नाही. म्हणजे संकटाशी झुंजण्याचे बळच हा आजार हिरावून घेतो. ते बळ परत मिळवून देणे हे रुग्णालयाचे काम आहे.

उदासीनतेच्या आजाराची चाल समजून घेतली, तर उपचारही समजतो. मन लागत नाही म्हणून माणूस काम टाळतो, बाजाराला जाणे टाळतो, पारावर बसणे सोडतो. काम आणि माणसे सुटल्यामुळे दिवसात आनंदाचा, समाधानाचा एकही क्षण उरत नाही, आणि मन आणखी खाली जाते. घरची मंडळी मायेपोटी म्हणतात, “मन घट्ट कर, मग सगळे होईल.” रुग्णही मन घट्ट होण्याची वाट पाहत पडून राहतो. येथे क्रम उलटा धरावा लागतो. आधी एखादी लहान कृती करावयाची. मन तिच्या मागून येते.

या साध्या तत्त्वावर आधारलेल्या उपचाराची कसोशीने परीक्षा झालेली आहे. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ‘संगाथ’ या संस्थेने उदासीनतेच्या तीव्र रुग्णांवर तो करून पाहिला. समुपदेशक मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे होती. सहा ते आठ भेटी, आणि प्रत्येक भेटीत पुढच्या आठवड्यात करावयाच्या लहान कामांची आखणी, असे त्याचे स्वरूप होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनंतर हा उपचार मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते.

गोव्याचे जीवन आपल्याहून वेगळे आहे, असे कोणी म्हणेल. म्हणून शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील ‘विश्राम’ प्रकल्पाचाही उल्लेख केला पाहिजे. तेथील तीस गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या आजाराची माहिती दिली, रुग्ण ओळखले आणि त्यांना समुपदेशकांपर्यंत व डॉक्टरांपर्यंत नेले. उदासीनतेच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आधी शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रुग्ण कोणाकडेच जात नव्हते, हा त्यातील विसरू नये असा भाग आहे. आपल्या जिल्ह्यातही २०१५ पासून शासनाने ‘प्रेरणा प्रकल्पा’तून आशा कार्यकर्तीला या कामात घेतले. आजारी माणूस दवाखान्यापर्यंत येण्याची वाट पाहणे पुरेसे नाही, हाच या प्रयत्नांचा धडा आहे.

आता रोजच्या सवयींविषयी. उलंगवाडी झाल्यापासून मृगापर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाताला काम थोडे असते, आणि वसुलीचा तगादाही याच सुमारास लागतो. असा रिकामा दिवस खचलेल्या मनाला अधिक खातो. म्हणून आम्ही रुग्णाला दिवसाची घडी बसवून देतो. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी. सकाळच्या उजेडात धुऱ्यापर्यंत चालून यावे. दिवसातून एक काम, मग ते विळ्याला धार लावण्याचे का असेना, ठरवून पुरे करावे. एक जेवण तरी घरच्यांबरोबर घ्यावे. आठवड्यातून एकदा कोणाकडे तरी जाऊन बसावे. झालेल्या कामापुढे वहीत खूण करावी. लिहिता येत नसेल, तर नातवाकडून करून घ्यावी. झोपेसाठी दारू घेऊ नये. दारूने डोळा लागतो, पण झोप मोडते, आणि दुसऱ्या दिवशी मन अधिक जड होते.

स्त्रियांच्या बाबतीत हाच नियम जसाच्या तसा लागू करता येत नाही. तिच्या दिवसात कामाची वाण नसते. चूल, पाणी, निंदणी, वेचणी, लेकरे, म्हातारी माणसे या सर्वांत तिचा स्वतःचा असा एक तासही नसतो. तिला आणखी काम सांगणे हा उपचार नव्हे. तिच्यासाठी उपचार म्हणजे निर्धास्त झोप, बचत गटाच्या बैठकीला जाण्याची मोकळीक, माहेरच्या माणसाशी चार शब्द. ही व्यवस्था रुग्णाने नव्हे, घराने करावयाची असते. बोलणे मनाच्या भाषेत व्हावे, हेही महत्त्वाचे आहे. तांड्यावरची बाई आपले दुःख गोरमाटीत आणि कोलामपोडावरची कोलामीत जितके मोकळेपणी सांगेल, तितके मराठीत सांगणार नाही.

सवयी औषधाची जागा घेतात, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आजार तीव्र असेल, रुग्णाला भास होत असतील, अन्नपाणी सुटले असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना विनाविलंब दाखवावे. यवतमाळचे श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. उदासीनतेवरील गोळ्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. त्यांची नशा होत नाही. बरे वाटू लागल्यावरही किमान सहा महिने त्या घ्याव्या लागतात, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाएकी बंद करू नयेत.

कुटुंबीयांना आणखी एक विनंती. घरातले माणूस निरवानिरवीचे बोलू लागले, तर विषय टाळू नका. “जीव नकोसा वाटतो का?” असे सरळ आणि मायेने विचारा. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट कोंडलेला माणूस मोकळा होतो. त्यानंतर त्याला एकटे सोडू नका, फवारणीची औषधे घरातून हलवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असते. पोलिसांच्या भीतीने अशी गोष्ट लपवली जाते, ती भीतीही आता धरू नये. २९ मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे, उपचार व पुनर्वसन करणे हे शासनाचे कर्तव्य ठरते.

देणगीदारांपुढे शेवटी एकच गोष्ट ठेवतो. यंत्रावर दात्याचे नाव कोरता येते, इमारतीवर पाटी लावता येते. समुपदेशकाच्या एस.टी.च्या तिकिटावर, पाचव्या भेटीवर, न आलेल्या रुग्णाच्या घरी केलेल्या चौकशीवर कोणाचे नाव लागत नाही. परंतु या उपचाराचा सर्व भार त्या पाचव्या भेटीवरच असतो. पहिल्या भेटीत माणूस रडतो, दुसऱ्या भेटीत ऐकतो, आणि पुढच्या भेटींत उठून चालू लागतो. मध्येच भेटी तुटल्या, तर आधीचे श्रम वाया जातात. म्हणून मानसिक आरोग्याच्या कामासाठी एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरवर्षी न चुकता थोडी रक्कम द्यावी, अशी आमची प्रार्थना आहे. रुग्णाला आम्ही जो नेम सांगतो, तोच आपणही या कामाच्या बाबतीत पाळावा.