दृष्टिपटलाची घडण आणि जनुकांचे कार्य



मी डॉक्टर नाही. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. माझ्या वर्गात एक हुशार मुलगा होता. दिवसा फळ्यावरचे अक्षर न् अक्षर वाचायचा. दिवेलागणीला मात्र घरी जाताना ठेचकाळायचा. अंगारे-धुपारे झाले, गाजर-पपई झाली. शेवटी सारा दोष आला तो त्याच्या आईवर. "तुझ्याच पायगुणाने हे झाले," असे घरचे तिला ऐकवीत. त्या माउलीला तेव्हा मी जे सांगायला हवे होते, ते आज आपल्यापुढे मांडतो.

डोळ्याच्या आतला मागचा पडदा म्हणजे दृष्टिपटल. त्यात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. अंधुक उजेडात उपयोगी पडणाऱ्या दंडाकृती पेशी, सुमारे ९ ते १२ कोटी. आणि रंग व बारकावे दाखविणाऱ्या शंक्वाकृती पेशी, सुमारे ५० ते ६० लाख. दंडाकृती पेशीच्या टोकाला सुमारे १,००० अतिसूक्ष्म चकत्या असतात, भाकऱ्यांची चवड रचावी तशा एकावर एक. प्रकाश टिपणारे रोडॉप्सिन हे प्रथिन याच चकत्यांत असते. टोकाच्या चकत्या रोज झडतात, बुडाशी नव्या तयार होतात. साधारण १० दिवसांत सगळी चवड नवी होते.

एवढे नाजूक बांधकाम कोण करवून घेते? आपली जनुके!

डोळा कोठे उभारायचा, हा पहिला आदेश पॅक्स-६ या जनुकाचा. १९९५ साली स्वित्झर्लंडमधील वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत उंदराचे हे जनुक माशीच्या शरीरात भलत्या जागी कार्यरत केले, तर तेथे डोळा उगवला. आणि तोही उंदराचा नव्हे, माशीचाच! पुढचा आदेश एन-आर-एल या जनुकाचा. २००१ साली असे दिसले की, हे जनुक नसलेल्या उंदरात दंडाकृती पेशी घडतच नाहीत. त्यांच्या जागी शंक्वाकृतीसारख्या पेशी तयार होतात. चकतीची कड सांभाळणारे पेरिफेरिन हे प्रथिन आणखी एका जनुकाच्या हुकमाने बनते. उंदरात या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या, तर चकत्यांची चवड उभीच राहत नाही.

आता चूक किती लहान असू शकते, ते पाहा. रोडॉप्सिन म्हणजे ३४८ मण्यांची माळ. १९९० साली अमेरिकेतील संशोधकांना काही रुग्णांत केवळ २३वा मणी बदललेला आढळला. जनुकातील एका अक्षराचा फरक! पण त्यामुळे प्रथिनाची घडी चुकते आणि दंडाकृती पेशी हळूहळू मरू लागतात. आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूचे दिसेनासे होते, पुढे शंक्वाकृती पेशीही खचतात. या विकाराला रेटिनायटिस पिगमेंटोझा म्हणतात. सुमारे ४,००० माणसांत एकाला तो असतो आणि पन्नासहून अधिक जनुकांपैकी एखाद्यातील दोषाने तो होऊ शकतो.

बंधू-भगिनींनो, यात पायगुण कोठे आला? बहुतेक जनुकांची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून येते. पुष्कळ घरांत दोघांकडेही एकेक सदोष प्रत असते. दोघांची नजर चांगली असते, पण प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारात एक असते. काही घरांत एकाच पालकाकडून आलेली सदोष प्रत पुरते, तर कधी दोष आईमार्फत मुलग्याकडे येतो. पण तो तिने मागून घेतलेला नसतो! अज्ञानाला अपराधी हवा असतो, आणि घरात सुनेइतके सोयीचे कोणी सापडत नाही.

म्हणून तीन गोष्टी करा. एक, मूल अंधारात चाचपडू लागले की आधी नेत्रतज्ज्ञाकडे न्या. अ जीवनसत्त्वाच्या अभावानेही रातांधळेपणा येतो, आणि तो वेळेवर उपचार केल्यास बरा होतो. दोन, मामाची मुलगी सून करण्याची रीत आपल्याकडे आहे. रक्ताच्या नात्यात तीच सदोष प्रत दोन्हीकडे असण्याचा संभव वाढतो. घरात असा विकार असेल तर लग्नापूर्वी आनुवंशिक सल्ला घ्या. तीन, विकार लपवू नका. २०१७ साली अमेरिकेत आर-पी-ई-६५ या जनुकाच्या दोषावर जनुकोपचार मान्य झाला. तो याच एका जनुकापुरता आहे, आणि दृष्टिपटलात जिवंत पेशी शिल्लक असतील तरच लागू पडतो. लपविण्यात गेलेली वर्षे परत मिळत नाहीत.

तो मुलगा पुढे शिकला. त्याच्या आईची मात्र समजूत कोणी घातली नाही, मीसुद्धा नाही. आपल्या वस्तीत अशी एखादी आई असेल, तर आज घरी जाताना तिच्या दारी थांबा आणि तिला सांगा, "बाई, यात तुमचा काही दोष नाही." एवढे झाले तरी माझे बोलणे सार्थकी लागले असे मी मानीन.